बांध नसलेल्या शेतांचे गाव : लॅक्स्टन

इंग्लंडच्या मध्य भागात, नॉटिंगहॅमशायरमध्ये, शेरवुडच्या जंगलापासून जवळच लॅक्स्टन हे छोटे गाव आहे. इथली जमीन चिकण, जड आणि लालसर. घरे लाल विटांची आणि कौलारू. बरीच जुनी शेतघरे रस्त्याकडे तोंड न करता आपली अरुंद बाजू रस्त्याला देऊन उभी आहेत, कारण प्रत्येकाच्या वाट्याची जागा रस्त्यावर चिंचोळी आणि मागे लांबवर गेलेली होती. शेतकरी गावात राहतो आणि शेत गावाबाहेर असते, ही गोष्ट मराठी वाचकाला अगदी साधी वाटेल. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत मात्र शेतकऱ्याचे घर त्याच्या जमिनीतच, गावापासून दूर असते. लॅक्स्टनमध्ये तसे झाले नाही, याचे कारण इथली शेती.

गावाची नोंद 1086 च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-मोजणीत आहे. गावाच्या उत्तरेला नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकडी आणि तटबंदीचे उंचवटे शिल्लक आहेत. शेरवुडच्या राजवनाची राखण ज्यांच्याकडे होती, त्या सरदार घराण्याचे हे ठाणे. मध्ययुगीन सेंट मायकेल चर्चही उभे आहे. पण किल्ले आणि चर्च इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी आहेत. लॅक्स्टनची ख्याती आहे ती त्याच्या तीन मोठ्या, कुंपण नसलेल्या शेतांमुळे : साउथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड.

मध्ययुगात मध्य इंग्लंडमधील असंख्य गावे अशीच शेती करत. गावाची सारी पिकाऊ जमीन दोन-तीन विशाल शेतांत विभागलेली असे आणि प्रत्येक शेतात लांबट पट्ट्या पाडलेल्या असत. बैलांचे जड औत पुन्हा पुन्हा वळवणे त्रासाचे, म्हणून पट्टी लांब आणि अरुंद. एका कुटुंबाच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या असत, त्यामुळे चांगली आणि हलकी जमीन साऱ्यांच्या वाट्याला येई. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे सातू किंवा वाटाणा-घेवड्यासारखे पीक आणि तिसरे पडीक, असा फेरपालट दरवर्षी चाले. कापणी झाली की धसकटांवर गावाची गुरे सोडत. आपल्या पट्टीत कोणी मनाला येईल ते पीक घेऊ शकत नसे.

ही पद्धत मोडली ती कुंपणांनी. विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून प्रत्येकाला सलग जमीन देण्यासाठी 1604 ते 1914 या काळात इंग्लंडच्या संसदेपुढे पाच हजारांहून अधिक विधेयके आली. उत्पन्न वाढले, पण चराईचा हक्क गेल्याने गरीब कुटुंबांचे हाल झाले. लॅक्स्टनमध्येही काही जमिनीला कुंपणे पडली, पण काम पुरे झाले नाही. गावातल्या दोन मोठ्या जमीनदारांचे एकमत न होणे हे त्याचे एक कारण. जुन्या परंपरेच्या प्रेमाने हे टिकले, असे समजण्याचे कारण नाही. ते बरेचसे राहून गेले, आणि मग जपले गेले.

जुन्या गावाचे रूप कळते ते मार्क पिअर्स याने 1635 मध्ये काढलेल्या नकाशामुळे. त्यात पट्टी न् पट्टी दाखवली आहे आणि सोबत कोणती कोणाकडे याची यादी आहे. नांगरणारी, पेरणारी, कापणारी माणसेही चितारली आहेत. हा नकाशा आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तेव्हा पट्ट्यांची संख्या दोन हजारांवर होती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या जोडून मोठ्या केल्या गेल्या, त्यामुळे आज त्या पुष्कळ कमी आहेत आणि ट्रॅक्टरला सोयीच्या आहेत.

पट्ट्यांमध्ये बांध नाहीत, तेव्हा शेजाऱ्याच्या किंवा सामाईक जमिनीत नांगर घालण्याचा मोह आलाच. त्यावरचा उपाय म्हणजे ‘कोर्ट लीट’ ही गावची न्यायसभा. नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांमधून निवडलेली ज्युरी गहू पेरलेल्या शेतात जाते, पट्ट्यांच्या टोकांना खुंट ठोकून हद्दी कायम करते आणि कोणी साऱ्यांच्या गवतात किंवा वाटेत नांगर घातला असेल तर त्याला दंड ठरवते. आठवड्याभराने डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये न्यायसभा भरते आणि पुढच्या वर्षीची ज्युरी शपथ घेते. दंड छोटा असतो. सगळ्या गावासमोर नाव पुकारले जाणे हीच खरी शिक्षा. 1977 च्या कायद्याने इंग्लंडमधील अशा बहुतेक न्यायसभांचे न्यायदानाचे अधिकार संपवले, पण लॅक्स्टनची सभा शेतांचा कारभार अजून पाहते. शेतांमधील उताराच्या आणि ओलसर जागा नांगरल्या जात नाहीत. त्यांना ‘साइक’ म्हणतात. तिथले गवत दरवर्षी लिलावाने विकले जाते आणि रानफुलांची जुनी कुरणे त्यामुळेच टिकली आहेत. मोकाट गुरांसाठीचा दगडविटांचा कोंडवाडाही गावात आहे, आता केवळ पाहण्यापुरता.

जमिनीची मालकी दीर्घकाळ थोर्सबीच्या अर्ल मॅनव्हर्स घराण्याकडे होती. 1952 मध्ये ती सरकारच्या शेतीखात्याने घेतली, पुढे 1981 मध्ये राजसंपत्ती सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आणि 2020 मध्ये पुन्हा थोर्सबी इस्टेटकडे गेली. शेती करतात ती कुळे. त्यांना तिन्ही शेतांतल्या पट्ट्या सांभाळून गावाचे नियम पाळावे लागतात, आणि आजच्या हिशेबाने हा धंदा फायद्याचा म्हणता येत नाही. बहुतेकांची कुंपणाची जमीनही असते. शेतांमधल्या पायवाटा सर्वांना खुल्या आहेत. न्यायसभेचे काम पाहायचे असेल तर नोव्हेंबरच्या अखेरीस जावे. पिके आणि फुले पाहायची असतील तर जून-जुलै बरा.