शेवटची बाइक कुणाची?

सोमवार ते शुक्रवार क्यूबिकल, शनिवारी कपड्यांचा ढीग आणि रविवारी पहाटे... किक! पुण्यातल्या बायकर मंडळींचा संडे असाच उजाडतो. कुणाची बुलेट, कुणाची पल्सर, तर कुणाची रोज ऑफिसला पळून पळून थकलेली स्प्लेंडर. सगळ्यांचा रोख एकीकडेच, ताम्हिणी! चांदणी चौक, पौड, मुळशी करत घाट उतरायचा, माणगावला मिसळ हाणायची आणि अंधाराच्या आत घरी. जाऊन-येऊन साधारण दोनशे किलोमीटर. फुल टू धमाल!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? गाडी काढायची नि सुटायचं! एकटे असाल तर ठीक आहे. पण पंधरा-वीस बाइक एकत्र निघतात, तेव्हा तो एक प्रोजेक्टच असतो बॉस. आणि त्याला दोन टीम लीडर लागतात.

पुढे असतो तो लीड. वेग आणि थांबे तो ठरवतो. त्याच्या लगेच मागे ग्रुपमधला सगळ्यात नवखा रायडर, म्हणजे वेग त्याला झेपेल एवढाच राहतो. आणि सगळ्यात शेवटी असतो स्वीप. पंक्चर किट, टूलकिट, फर्स्ट एड सगळं त्याच्याकडे. कुणी थांबलं की तोही थांबणार. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, हा नियम.

सरळ रस्त्यावर समोरच्या बाइकपासून किमान दोन सेकंदांचं अंतर हवंच. ताशी ६० च्या वेगात तेवढ्या वेळात तुम्ही ३३ मीटर कापलेले असता! वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. घाट लागला की एकामागे एक अशी रांग, ओव्हरटेकिंग बंद. ब्रेक आणि गिअर वळणाच्या आधीच उरकायचे. उतारावर न्यूट्रल तर चुकूनही नाही. नजर जाते तिकडे बाइक जाते, त्यामुळे कठड्याकडे बघत बसलात तर कठडाच गाठाल! हेल्मेट आयएसआय मार्कचंच, आणि मागच्या सीटवरच्यालाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ दोघांनाही लागू आहे.

पण खरा धोका वेगळाच. पुढची बाइक वळणाआड जाते, आपण एकटे पडतो आणि मन म्हणतं, ‘अरे, मागे राहिलो!’ हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो. समोरून लाल एसटी आली, वळणावर खडी सांडलेली असली, की संपलं.

यावर क्लबवाल्यांचा फंडा एकदम साधा आहे. फाटा आला की मागचा रायडर दिसेपर्यंत तिथेच थांबायचं. पौडला कोळवणकडे रस्ता फुटतो तिथे, विळ्याला कोलाड आणि माणगावच्या वाटा वेगळ्या होतात तिथे. घाटात मोबाइलला रेंज नसली तरी बिघडत नाही. पुढे कुणीतरी थांबलंय आणि मागे स्वीप आहे, एवढं पक्कं माहीत असलं की कुणाला गाठायची घाई उरत नाही. मग वळणांची खरी मजा कळते. आठवडाभर टार्गेटमागे धावणाऱ्यांना अजून काय हवं राव?

तेव्हा पहिल्यांदा ग्रुप राइडला निघालात, तर कुणाची बाइक किती सीसीची हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘आज स्वीप कोण?’ उत्तर मिळालं नाही, तर सरळ घरी जा आणि पोहे खा. ताम्हिणी पुढच्या रविवारीही तिथेच असेल!