चौकट : एमबीएला निघताना

विद्यापीठ : चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत येतात. स्थापना 2011, मुख्यालय गडचिरोली.

राज्याची वाट : एमबीए-सीईटी. 200 प्रश्न, 150 मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत; म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पुढे कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून कॉलेज मिळते.

आयआयएमची वाट : नोव्हेंबरच्या सुमारास कॅट, प्रत्येकी 40 मिनिटांचे तीन विभाग. त्यानंतर मुलाखत. सर्वांत जवळचे आयआयएम नागपूरला, 2015 पासून, सध्या मिहानमध्ये.

पात्रता : पदवीला 50 टक्के. राज्याच्या वाटेने राखीव प्रवर्गाला 45; कॅटसाठी मात्र 45 ची सवलत अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांनाच, ओबीसींना नाही. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात.

आरक्षण : केंद्रीय संस्थांत अनुसूचित जमातींना 7.5, अनुसूचित जातींना 15, ओबीसींना 27 टक्के.

कागदपत्रे : राज्याच्या राखीव जागेसाठी जात किंवा जमात वैधता प्रमाणपत्र लागते. ओबीसींनी आयआयएमसाठी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढावे. राज्याचे चालत नाही.

निकालाची वाट पाहत बसू नका. वैधतेचा अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच टाका. ऐनवेळी धावपळ केली तर हातची जागा जाते.