शनवार तेली

माणसाला नाव पडते ते कामावरून: कुणी सुतार, कुणी लोहार. पण कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, तेल गाळणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंना लोकांनी नाव दिले ते त्यांच्या विसाव्यावरून: ‘शनवार तेली’! शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबे, तो शनिवारी सांज होईपर्यंत. सातव्या दिवशी चाकरांना नि गुरांनाही विसावा, ही त्यांची धर्माज्ञा. म्हणजे घाण्याचा बैलही सुटे. चूलसुद्धा पेटवायची नाही. रांधणे शुक्रवारीच उरकायचे.

मुंबईच्या गिरणी-कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. आज रविवार आपणही सुखाने भोगतो. पण वाचकहो, रविवारच्या खास बेतापायी घरच्या गृहिणीचा घाणा कधी थांबतो का?