गाडी अब्बांच्या नावावर, नशा दुसऱ्याची

मागच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी सुरू असताना, एक बाई शाळा सुटायच्या वेळेला आमच्याकडे आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद होता. कोंढ्यात उर्दू आणि मराठी दोन्ही वाचून समजावणारा माणूस म्हणून असे कागद आमच्याकडे येतच असतात. कधी बँकेची नोटीस, कधी जुना निकाहनामा, कधी रेशनच्या यादीत चुकलेले नाव. हा कागद मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा होता. प्रतिवादी क्रमांक एक, गावातलाच एक तरुण. प्रतिवादी क्रमांक दोन, त्या बाईंचे शोहर.

हकिकत अशी. त्यांच्या धाकट्या मुलाने एका लग्नातून दोस्ताला आपली मोटारसायकल दिली. दोस्त प्यायलेला होता आणि हे मुलाला दिसत होते. 'जवळच तर जायचे आहे' म्हणून त्याने चावी दिली. वाटेत सायकलवरून भाजी विकून परतणाऱ्या एका माणसाला त्या दोस्ताने उडवले. तो माणूस दवाखान्यात नेईपर्यंत वाचला नाही.

"सर, माझा पोरगा तर त्या थेंबाला शिवला नाही," बाई म्हणाल्या. "याचे अब्बा तर त्या दिवशी तापाने घरीच पडून होते. मग त्यांचं नाव इथं कशाला?"

या प्रश्नाचे पुरते उत्तर तेव्हा आम्हालाही देता आले नाही. भंडाऱ्याला एका वकील मित्राकडे दोनदा बसलो, कायद्याची पुस्तके चाळली, तेव्हा उलगडा झाला. दारूचा विषय निघाला की आपल्या घरांत 'आपल्यात हे नाही' असे म्हणून तो मिटवला जातो. दारू हराम आहे हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण रस्त्यावर आपली मुले असतात, आपल्या नावाच्या गाड्या असतात, आणि खरे बोलायचे तर आपल्यातलेही काही जण लपूनछपून पितातच.

आधी साधी गोष्ट पाहू, जिथे अपघात झालेला नाही, फक्त पोलिसांनी पकडले आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १८५ सांगते की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, म्हणजे आपला कायदा त्यांच्यापेक्षा कितीतरी कडक. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिला दंड २,००० रुपयांचा होता आणि लोकांच्या डोक्यात अजून तोच आकडा बसला आहे. हेल्मेटच्या चलानासारखी रस्त्यावर पावती फाडून यातून मोकळे होता येत नाही. कोर्टातच उभे राहावे लागते. यंत्रात फुंकायला नकार दिला तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि तो नकार पुढे विरोधातच जातो. याच कलमात गांजा आणि इतर अमली पदार्थांची नशाही येते, हे 'दारूचा वास नाही, मग काय सापडणार' म्हणणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगायला हवे.

दंडापेक्षा आम्हाला जड वाटते ते लायसन्स. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितले की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचे लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. टिप्पर, पिकअप किंवा ट्रॅव्हल्स चालवून घर चालवणाऱ्यासाठी तीन महिने म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारावे. त्यात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट अडतो. कोर्टाची परवानगी आणावी लागते. आखाती देशात नोकरीला जाण्यासाठी कर्ज काढून एजंटाला पैसे भरलेला मुलगा एका रात्रीच्या मस्तीने इथेच बसतो. उमऱ्याची तयारी केलेल्यांचेही तेच.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे. कायद्याच्या नजरेत गाडीचा मालक तो, ज्याचे नाव आरसी बुकावर आहे. त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या संमतीने गाडी दुसऱ्याने चालवली आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी चालवणाऱ्याबरोबर मालकावरही येते. मालक घरी तापाने पडलेला होता, त्याने आयुष्यात दारू पाहिलीही नाही, याने ती कमी होत नाही. आणि त्या मुलाचे काय? कलम १८८ प्रमाणे नशेत गाडी चालवायला जाणूनबुजून मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. दोस्त झिंगलेला आहे हे दिसत असताना चावी देणे ही मदत ठरू शकते. चावी घेणारा अठरा वर्षांच्या आतला असेल तर आणखी कठीण: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

रक्कम किती होते, हे आम्ही बाईंना वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले. गणित शिकवणाऱ्याची सवय. समजा गेलेला माणूस ३४ वर्षांचा, महिन्याला १२,००० रुपये कमावणारा, मागे बायको, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा करणारा माणूस पुढे जास्त कमावला असता म्हणून ४० टक्के वाढवायचे: १६,८००. चार जण अवलंबून आहेत म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा: १२,६००. वर्षाचे १,५१,२००. या वयाला गुणक १६. झाले २४,१९,२००. त्यात अंत्यविधी आणि सहवास गमावल्याच्या ठरीव रकमा मिळवल्या की आकडा पंचवीस लाखांच्या पुढे जातो, आणि वर व्याज. बाईंनी तो आकडा बोटाने दोनदा मोजला. मग विचारले, "आमचं घर किती लाखांचं असेल, सर?"

विमा असता तर? मोटारसायकलचा थर्ड पार्टी विमा याचसाठी असतो. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला २०२२ पासून वर्षाला ७१४ रुपये, वर कर. चार महिन्यांपूर्वी त्यांचा विमा संपला होता आणि पुन्हा भरलाच नव्हता. त्यामुळे नोटिशीत विमा कंपनीचे नावच नव्हते. पण दारूच्या प्रकरणात चालू विमाही संपूर्ण ढाल नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नशेत चालवणे हे विमा कंपनीच्या बचावाच्या कारणांत स्पष्ट घातले आहे. अटी मोडल्याच्या अशा प्रकरणांत न्यायाधिकरणे अनेकदा कंपनीला आधी पीडितांना पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. न भरल्यास ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. शेतावर, घरावर बोजा. आणि गाडीचे स्वतःचे नुकसान? दिल्लीत २००७ साली इंडिया गेटजवळ एक पोर्शे गाडी जळून खाक झाली. कंपनीने दारूचे कारण दाखवून पैसे नाकारले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि तेही श्वास किंवा रक्ताची तपासणी झालेली नसताना, बाकीच्या पुराव्यावर. चालवणारा मालक स्वतः नशेत मेला तर १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही त्याच्या घराला मिळत नाही.

माणूस मेला असेल तर तुरुंगाचा हिशेब वेगळा. पूर्वी निष्काळजीपणाने मृत्यूला दोन वर्षे होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत आहेत. पण नशेत चालवणाऱ्याला आपण काय करतो आहोत याची जाणीव होती असे ठरले तर सदोष मनुष्यवधाचे कलम लागते आणि दहा वर्षांपर्यंत जाता येते. मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडले. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने तीन वर्षे केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अलिस्टर परेरा खटला म्हणून वकील आजही त्याचा दाखला देतात.

आपल्या जवळचे प्रकरण नागपूरच्या रामझुल्याचे. २५ फेब्रुवारी २०२४ च्या मध्यरात्रीनंतर दुचाकीवरून जाणाऱ्या दोन मुस्लिम तरुणांना एका मर्सिडीजने उडवले, दोघेही गेले. गाडी चालवणारी महिला नशेत होती असा आरोप आहे. सुरुवातीला जामीनपात्र कलम लागले आणि लगेच जामीन मिळाला. नंतर सदोष मनुष्यवधाचे कलम जोडले गेले, जून २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने अटकपूर्व जामीन नाकारला आणि पुढे तपास सीआयडीकडे गेला. गुन्हा सिद्ध करणे कोर्टाचे काम आहे. आम्ही हे प्रकरण सांगतो ते एवढ्यासाठी की 'मोठ्या लोकांपुढे आपले काय चालणार' म्हणून ती घरे गप्प बसली नाहीत.

आपली बरीच घरे मात्र गप्प बसतात, आणि याचा आम्हाला मनापासून राग येतो. 'तकदीरच तेवढी होती', 'मय्यतीचे पैसे खायचे का' असे म्हणून विधवा आणि यतीम मुलांचा हक्क सोडून दिला जातो. चुकून झालेल्या मृत्यूतही वारसांचा दियतीचा हक्क आपल्या फिकहने मानलेला आहे, मग देशाच्या कायद्याने दिलेला हक्क मागण्यात लाज कसली? यात एक अडचण आहे जी वकिलांना सुचत नाही, आपल्यालाच कळते. २०२२ पासून दाव्याची मुदत कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची आहे. इद्दतीचे चार महिने दहा दिवस त्यातच जातात. 'इद्दत होऊ द्या, मग बघू' म्हणता म्हणता हातात दीड महिना उरतो आणि पंचनामा, एफआयआर, शवविच्छेदन अहवाल गोळा करण्यातच तो संपतो. बाईने कचेरीत जायची गरज नाही. वकीलपत्रावर घरी सही होते, कागद भाऊ किंवा सासरे आणू शकतात. दावा अपघाताच्या जागीच करावा असेही नाही, वारस राहतात तिथल्या न्यायाधिकरणात चालतो. आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

त्या भाजीवाल्याच्या बायकोने हेच केले. आमच्याकडे आलेल्या बाईंना हे सांगताना आम्हाला अवघड वाटले, कारण त्या पलीकडच्या बाजूला होत्या. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तिचं बरोबरच आहे, सर. तिची मुलं माझ्या मुलापेक्षा लहान आहेत."

दावा अजून चालू आहे. त्यांचे शोहर दर तारखेला एसटीने भंडाऱ्याला जातात. मुलाला सोबत नेत नाहीत.

त्या संध्याकाळी घरी येऊन आम्ही आमच्या स्वतःच्या मोटारसायकलचा विम्याचा कागद शोधला. गादीखाली सापडला. मुदत संपून नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत चालत गेलो.