कमावलेलं ठिगळ

बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात मुरलेलं कातडं कुजत नाही, हे सातारा-सांगलीकडच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कातडं कमावणं म्हणजे त्यातल्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांना पक्के बांधणं. मग ते जिवाणूंना सहज कुरतडता येत नाहीत. नेमकी हीच युक्ती लेकरांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेतही कामाला येते.

दर हजार बाळांत आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, आणि एखाद्या आईला तिथंच कळतं की पोराच्या ‘हृदयाला होल’ आहे. काही छिद्रं आपोआप बुजतात, काही मांडीच्या शिरेतून नळी घालून बंद करता येतात. उरलेल्यांना बहुतेकदा ठिगळ लागतं. त्यासाठी शल्यविशारद बऱ्याचदा हृदयाभोवतीच्या पातळ पिशवीचा, म्हणजे पेरिकार्डियमचा, तुकडा घेतात; मुलाचाच, नाहीतर जनावराचा. ताजा तुकडा लिबलिबीत असतो, त्याच्या कडा गुंडाळतात. ग्लुटारल्डिहाइडच्या द्रावणात काही मिनिटं ठेवला की तो टाके पेलतो. चामड्याच्या कारखान्यातही हेच रसायन वापरतात. १९६०च्या दशकाअखेर पॅरिसमध्ये हृदयशल्यविशारद आलँ कार्पांतिए यांनी ते माणसात बसवायच्या डुकराच्या हृदयझडपांसाठी वापरलं आणि हृदयशस्त्रक्रियेची वाटच बदलली.

पण कमावलेलं कातडं वाढत नाही. नवजात बाळाचं हृदय जेमतेम २० ग्रॅमचं, मोठ्या माणसाचं ३००च्या आसपास. ठिगळ मात्र तेवढंच राहतं. शिवाय त्यात कॅल्शियम साचतं, ते कडक होतं. आणि हे मोठ्यांपेक्षा मुलांत लवकर घडतं. फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करायला लावलेलं ठिगळ असं आखडलं, तर छाती पुन्हा उघडावी लागते. आईबापांना हे दुसऱ्यांदा सोसावं लागू नये, यासाठीच सगळी धडपड चालली आहे.

म्हणून आता ऊती कमावण्याऐवजी धुऊन पाहतात. साबणासारख्या द्रावणांनी जनावराच्या पेशी काढून टाकायच्या, मागे कोलॅजनची जाळी ठेवायची आणि रुग्णाच्या पेशींना तिच्यात घर करू द्यायचं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं डुकराच्या पित्ताशयापासून जखमांसाठी अशीच जाळी तयार केली आहे. हृदयासाठीची परीक्षा अधिक कठीण. तिथं दिवसाला लाखभर ठोके सोसायचे असतात. असं ठिगळ आधी कोकरांवर तपासतात, कारण त्यांच्यात कॅल्शियम झपाट्यानं साचतं आणि लेकरांत काही वर्षांनी दिसणारा दोष काही महिन्यांतच समोर येतो.