तीन शाळा आणि एक आलेख

समजा तीन शाळा आहेत. दर शिक्षकामागे अ शाळेची ८ मुले वाचनात पास होतात, २ गणितात. ब शाळेत वाचनात २, गणितात ८. क शाळेत दोन्हींत ४. गणित पाहिले तर अ शेवटची, वाचन पाहिले तर ब शेवटची. क दोन्ही वेळा मधली. मग बोल कोणाला लावावा?

आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर वाचन, उभ्या अक्षावर गणित घेऊन तिन्ही बिंदू मांडा. अ आणि ब जोडा. क बिंदू या रेषेच्या आत राहतो. आता आरंभबिंदूपासून क मधून जाणारी रेषा पुढे वाढवा. ती पहिल्या रेषेला (५, ५) येथे छेदते. म्हणजे अ आणि ब यांचे निम्मे निम्मे शिक्षक एकत्र आले, तर दर शिक्षकामागे दोन्ही विषयांत ५ मुले पास होतील. क मध्ये होतात ४. म्हणून क ची कार्यक्षमता ८० टक्के. अ आणि ब यांची १०० टक्के!

बिंदूंना पाकिटासारखे वेढणारी ही रेषा, म्हणून पद्धतीचे नाव 'डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस'. फॅरेल यांनी १९५७ मध्ये तिचा पाया घातला; चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये तिला आजचे रूप दिले. अमेरिकेत गरीब मुलांसाठी चाललेल्या 'फॉलो थ्रू' योजनेतील व योजनेबाहेरील मिळून ७० शाळा त्यांनी तपासल्या. वाचन व गणिताबरोबर मुलांचा आत्मसन्मान, शिक्षकांची संख्या, आईचे शिक्षण अशी आठ मापे होती. ती कागदावर कशी मावणार? तेथे संगणक हवा.

संगणक प्रत्येक शाळेसाठी वेगळे गणित सोडवतो. कोणत्या मापाला किती महत्त्व द्यावे, हे तो त्या शाळेच्या जास्तीत जास्त फायद्याचे ठरवतो. अट एकच: त्याच हिशेबाने कोणतीही शाळा १०० टक्क्यांपुढे जाता कामा नये. इतकी सवलत देऊनही शाळा मागे पडली, तर मोजपट्टीला दोष देता येत नाही. शिवाय तिने कोणाकडून शिकावे, हेही कळते.

मात्र १०० टक्के म्हणजे केवळ या गटात उत्तम. एका शाळेचा आकडा चुकून ८ ऐवजी १८ लिहिला, तर इतरांवर अन्याय होईल. आणि क मागे का पडली, हे संगणक सांगत नाही. त्यासाठी शाळेतच जावे लागते.

आता ड शाळा घ्या: वाचन ६, गणित ३. तिची कार्यक्षमता किती?

(उत्तर : ९० टक्के)