रामेनच्या दुकानात ‘वन बाय टू’ का चालत नाही?

येन स्वस्त झाला म्हणा किंवा रील्सची कृपा म्हणा, पण हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी जपानला जाऊन आलेलं असतंच. टोकियोतला त्यांचा दिवस साधारण ठरलेला. सकाळी आसाकुसाचं देऊळ, मग भरपूर पायपीट, आणि दुपारी एकच्या सुमारास कडकडून भूक. समोर रामेनचं छोटंसं दुकान दिसतं. चौघांचं कुटुंब आत शिरतं आणि सवयीने ठरवतं की आधी दोन मागवू, चौघांत खाऊन बघू, आवडलं तर अजून घेऊ.

इथेच गाडी अडते. बऱ्याच दुकानांत पाटीच असते, ‘माणशी एक वाडगा’. वर रिकामा वाडगा द्यायलाही नकार.

जिथे चहासुद्धा वन बाय टू मिळतो, अशा हॉटेलांत वाढलेल्या आपल्याला हा उद्धटपणा वाटतो. पण त्यामागे साधा हिशोब आहे, आणि तो कळला की या दुकानातल्या इतर विचित्र वाटणाऱ्या गोष्टीही कळतात.

समजा, दुकानात एका लांब काउंटरपुढे आठच खुर्च्या आहेत. टोकियोत अशी दुकानं गल्लोगल्ली सापडतात. जेवणाची खरी गर्दी दोन तासांची. प्रत्येक जण २० मिनिटांत उठला, तर त्या दोन तासांत ४८ वाडगे जातात. तेच प्रत्येकाने अर्धा तास लावला, तर ३२. आणि चार खुर्च्यांवर बसून चौघांनी दोनच वाडगे घेतले, तर निम्मं दुकान निम्म्या कमाईवर चाललं. बाहेर रांग उभी आहे ती वेगळीच.

बरं, मग दर वाढवावेत. तर तेही सोपं नाही. जपानमध्ये याला ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. हजार येन म्हणजे आपले साधारण साडेपाचशे ते सहाशे रुपये. रामेन हे कामगाराचं, विद्यार्थ्याचं, रात्री उशिरा घरी निघालेल्या नोकरदाराचं खाणं, त्याला चार आकडी रक्कम कशी द्यायची, अशी तिथल्या गिऱ्हाइकाची पक्की समजूत. इकडे पीठ, डुकराचं मांस, गॅस, मजुरी सगळंच महागलं. त्यात हाडांचं सूप तासन् तास उकळावं लागतं, म्हणजे गॅसचं बिल आलंच. तेइकोकु डेटाबँक या जपानी संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये रामेनचे ५३ व्यवसाय दिवाळखोरीत गेले होते, २०२४ मध्ये ७२. यात एक कोटी येन किंवा त्याहून जास्त कर्ज असलेलेच मोजलेत. गुपचूप शटर ओढून घेतलेले लहान दुकानदार यात येत नाहीत.

म्हणजे जगात इतकं गाजणारं खाणं विकणारा माणूस घरच्या गिऱ्हाइकापुढे शंभर येन वाढवायला घाबरतो. हे थोडं आपल्या वडापाववाल्यासारखंच झालं.

आता दारातलं यंत्र. आत शिरल्यावर वेटर येत नाही, तर बटणांचं एक खोकं दिसतं. पैसे घालायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी निघते ती काउंटरवर ठेवायची. ऑर्डर घेणं, बिल करणं, सुटे देणं ही सगळी कामं यंत्राकडे गेली, म्हणून एकदोन माणसांत दुकान चालतं. जपानी वाचता येत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण बघा. तिथे बहुतेक वेळा दुकानाचा मुख्य पदार्थ असतो. आणि हजार येनच्या नोटा खिशात ठेवा. जुन्या यंत्रांना अनेकदा मोठी नोट चालत नाही. जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा आणल्या, तेव्हा या यंत्रांनी छोट्या दुकानदारांना चांगलंच रडवलं होतं, कारण ती दुरुस्त करा किंवा बदला, खर्च त्यांच्याच माथी.

बसलात की मोबाइल आवरता घ्या. एखादा फोटो ठीक, पण वाडग्याभोवती पाच मिनिटं व्हिडिओ काढत बसलात तर नुकसान तुमचंच. गरम सुपात नूडल्स फुगत राहतात आणि मऊ पडतात. दिसायला शेवयांच्या चुलतबहिणी, पण त्यांच्या पिठात कान्सुइ नावाचं क्षारयुक्त पाणी असतं. त्यानेच तो पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. ही पद्धत चीनमधून आली. ज्या आसाकुसात पर्यटक देऊळ बघतात, तिथेच १९१० मध्ये राइराइकेन नावाचं दुकान निघालं आणि योकोहामाहून आणलेल्या चिनी स्वयंपाक्यांच्या हातचे असे नूडल्स टोकियोकरांच्या तोंडी लागले.

शेजारचा माणूस सुर्र सुर्र आवाज करत ओढतोय? तुम्हीही ओढा. नूडल्सबरोबर हवा आत जाते, घास थोडा निवतो आणि वासही जास्त येतो. आपल्याकडे बशीतून चहा ओढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण सगळ्यात जास्त फसगत त्यांचीच होते. ‘निकु नाशी’ म्हणजे मांस नको, हे दोन शब्द लोक पाठ करून जातात. दुकानदार मान डोलावतो, वरचे मांसाचे काप काढून ठेवतो आणि वाडगा पुढे करतो. सूप मात्र तेच असतं. हाकाता भागातलं पांढरट तोनकोत्सु म्हणजे डुकराच्या हाडांचा अर्क. सोया सॉसचं पारदर्शक सूप निर्मळ दिसतं, पण ते बहुधा कोंबडी आणि सुक्या मासळीवर बेतलेलं असतं. मिसो ही सोयाबीनची पेस्ट, म्हणून मिसो रामेन चालेल असं वाटतं, पण तीही सहसा मांसाच्याच सुपात कालवतात. दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्या भाषेत ‘निकु’ म्हणजे मांसाचे तुकडे, रस्सा त्यात मोजत नाहीत. सोबा आणि उदोनच्या दुकानांतही हाच घोळ, कारण त्यांच्या रश्शात कात्सुओबुशी ही वाळवलेली मासळी असते. सोबा कुट्टूच्या पिठाचा असतो, आणि कुट्टूची ॲलर्जी असणाऱ्यांनी उदोनही विचारून घ्यावा, कारण दोन्ही अनेकदा एकाच पातेल्यात उकळतात.

पर्याय आहेत. ‘व्हिगन’ असं स्पष्ट लिहिलेलं दुकान शोधायचं. टोकियो स्टेशनातलं ‘टीज् तानतान’ त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण कांदा-लसूणही चालत नसेल, तर रामेनचा नाद सोडलेला बरा.

आणि चौघांना थोडं थोडं चाखायचंच असेल, तर मॉलमधल्या फूड कोर्टात जा. तिथे वाडगे मधे ठेवून खाल्ले तरी कोणी काही म्हणत नाही. छोट्या दुकानात जायचं तर अकरा-साडेअकराला, गर्दीच्या आधी जा. लहान मूल बरोबर असेल तर आत शिरतानाच विचारा, काही ठिकाणी मुलांसाठी वेगळा वाडगा देतात. फार उशीरही करू नका. त्या दिवशीचं सूप संपलं की बरेच दुकानदार वेळेआधीच दारावरचा पडदा उतरवून आत नेतात. तो दिसला नाही, तर दुकान बंद झालं असं समजा.